नवनियुक्त शिक्षक आणि शालेय विषयांची उत्तरायुष्यातील उपयुक्तता : एक विवेचन

सारांश : अध्यापनाची पहिली नोकरी स्वीकारणाऱ्या शिक्षकाला वर्गात हमखास भेटणारा प्रश्न म्हणजे ‘हे शिकून पुढे उपयोग काय?’ शिक्षक-प्रशिक्षणात या प्रश्नाची तयारी क्वचितच करून घेतली जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाला दिल्या जाणाऱ्या रूढ उत्तरांची चिकित्सा केली असून, अध्ययन संक्रमणाविषयीच्या संशोधनाच्या आधारे शालेय विषय उत्तरायुष्यात नेमके केव्हा व कसे उपयोगी पडतात हे स्पष्ट केले आहे. नवनियुक्त शिक्षकाने काय करावे आणि महाविद्यालयांनी त्याला कोणते साहाय्य करावे, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : नवनियुक्त शिक्षक, अध्ययन संक्रमण, उपयुक्तता-मूल्य, आशययुक्त अध्यापन.

१. प्रास्ताविक

‘सर, हे पुढे कुठे लागणार?’ हा प्रश्न प्रत्येक पिढीतील विद्यार्थ्यांनी विचारलेला आहे. पुष्कळदा तो उद्धटपणाचा समजून बाजूला सारला जातो. वस्तुतः तो शिक्षणशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८५९ मध्ये ‘कोणते ज्ञान सर्वाधिक मोलाचे?’ असा प्रश्न निबंधाच्या मथळ्यातच उपस्थित केला होता. विद्यार्थी तोच प्रश्न आपल्या भाषेत विचारत असतो.

हा प्रश्न सर्वच मुलांना सारखा भेडसावत नाही. ज्या घरात अभियंता, लेखापाल किंवा प्राध्यापक आहे, त्या घरातील मुलाला बीजगणित पुढे कोठे नेते हे कोणी मुद्दाम सांगावे लागत नाही; ते त्याला रोज दिसत असते. ज्याच्या घरात शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे, त्याला मात्र हे सांगणारे शिक्षकाखेरीज दुसरे कोणी नसते. दहावीनंतर कला, वाणिज्य की विज्ञान, आणि त्यातही गणित ठेवायचे की सोडायचे, हा निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी घेतला जातो. एकदा सोडलेल्या विषयाकडे परत येणे अवघड असते. त्यामुळे वर्गात या प्रश्नाला कसे उत्तर मिळाले, किंवा मिळालेच नाही, याचे परिणाम दूरवर पोहोचतात.

२. पहिल्या नोकरीचे स्वरूप

नव्या शिक्षकांच्या अडचणींचा व्यापक आढावा सायमन व्हीनमन या डच संशोधकांनी १९८४ मध्ये घेतला. निरनिराळ्या देशांतील ८३ अभ्यास तपासून त्यांनी अडचणींचा क्रम लावला. वर्गातील शिस्त ही अडचण पहिल्या क्रमांकावर, तर विद्यार्थ्यांना अध्ययनास प्रवृत्त करणे ही दुसऱ्या क्रमांकावर आढळली. प्रशिक्षणकाळात रंगविलेले चित्र आणि प्रत्यक्ष वर्ग यांतील अंतरामुळे बसणाऱ्या या हादऱ्याला त्यांनी ‘वास्तवाचा धक्का’ म्हटले. या दोन अडचणी परस्परांशी निगडित आहेत हे लक्षात घेतले पाहिजे. ज्या विषयाचे प्रयोजन वर्गाला उमगलेले नाही, त्या विषयाच्या तासाला शिस्त राखणे अवघडच जाते.

फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये शिक्षकाच्या चिंतांविषयी मांडलेला विचारही येथे उपयुक्त आहे. त्यांच्या मते आरंभी शिक्षकाला स्वतःची चिंता असते : आपण टिकू का, विद्यार्थी आपल्याला मानतील का? त्यानंतर अध्यापनाच्या कामाची, आणि सर्वांत शेवटी विद्यार्थ्यांच्या शिकण्याची चिंता जागी होते. पहिल्या टप्प्यातील शिक्षकाला ‘उपयोग काय?’ हा प्रश्न आपल्या अधिकाराला दिलेले आव्हान वाटतो. त्यामुळे तो प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी स्वतःचा बचाव करू लागतो.

याला आणखी एक कारण आहे. डॅन लॉर्टी यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात दाखविले की, भावी शिक्षकाने विद्यार्थिदशेतच सुमारे १३,००० तास शिक्षकांचे निरीक्षण केलेले असते आणि शिकविणे म्हणजे काय याची कल्पना त्यातूनच घडते. जो ज्या विषयाचा शिक्षक होतो, तो बहुधा त्या विषयात रमलेला विद्यार्थी असतो. त्याला स्वतःला हा प्रश्न कधी पडलेला नसतो. म्हणून त्याचे उत्तरही त्याच्यापाशी तयार नसते.

महाराष्ट्रात या स्थितीत सेवाशर्तींची भर पडते. २००० साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेने नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर नेऊन ठेवली. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांची स्थिती याहून अनिश्चित असते. ज्याला स्वतःच्या पुढील वर्षाची खात्री नाही, त्याने विद्यार्थ्यांना त्यांच्या पुढील तीस वर्षांविषयी सांगावयाचे असते. हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

३. रूढ उत्तरे व त्यांच्या मर्यादा

या प्रश्नाला सामान्यतः तीन उत्तरे दिली जातात. पहिले, ‘परीक्षेत येते म्हणून’. हे उत्तर खरे असले तरी ते प्रश्न केवळ पुढे ढकलते. परीक्षा संपली की प्रयोजनही संपते. दुसरे, ‘नोकरीसाठी लागते म्हणून’. हे काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणि काही विषयांपुरते खरे आहे. तथापि वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी शास्त्रज्ञ किंवा इतिहासकार होणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असते. तिसरे उत्तर अधिक प्रतिष्ठित आहे : ‘त्याने बुद्धीला वळण लागते’. गणिताने तर्क सुधारतो, संस्कृतने स्मरणशक्ती वाढते, व्याकरणाने विचार शिस्तबद्ध होतो, अशी विधाने कर्मचारी कक्षातही ऐकू येतात. या तिसऱ्या उत्तराची परीक्षा संशोधकांनी शंभराहून अधिक वर्षे केली आहे आणि तिचे निष्कर्ष प्रत्येक अध्यापकाला ठाऊक असावयास हवेत.

४. अध्ययन संक्रमण : संशोधन काय सांगते?

एका प्रसंगी शिकलेली गोष्ट दुसऱ्या प्रसंगी उपयोगात येणे यास अध्ययन संक्रमण म्हणतात. मन हे स्नायूसारखे असून कठीण विषयांच्या व्यायामाने ते सर्वांगाने बळकट होते, अशी जुनी समजूत होती. एडवर्ड थॉर्नडाइक व रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये तिला पहिला मोठा धक्का दिला. आयतांचे क्षेत्रफळ अंदाजाने सांगण्याचा सराव केलेल्या व्यक्तींना वेगळ्या आकारांचे वा वेगळ्या मापांच्या आकृतींचे क्षेत्रफळ सांगताना त्या सरावाचा फारच थोडा लाभ झाला. पुढे १९२४ मध्ये थॉर्नडाइक यांनी माध्यमिक शाळांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या विचारशक्तीची वर्षारंभी व वर्षअखेरीस चाचणी घेतली. लॅटिन किंवा भूमिती घेतलेल्या विद्यार्थ्यांची विचारशक्ती इतर विषय घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय वाढल्याचे दिसले नाही. हुशार विद्यार्थी कठीण विषय निवडतात, म्हणून ते विषय हुशारी वाढवितात असा भास होतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

मग संक्रमण होतच नाही काय? चार्ल्स जड यांचा १९०८ मधील प्रयोग वेगळी दिशा दाखवितो. मुलांच्या दोन गटांना पाण्याखालील लक्ष्यावर बाण मारावयास सांगितले. एका गटाला प्रकाशाच्या अपवर्तनाचे तत्त्व आधी शिकविले होते. लक्ष्य बारा इंच खोल असताना दोन्ही गट सारखेच ठरले. लक्ष्य चार इंचांवर आणताच तत्त्व जाणणाऱ्या गटाने चटकन जुळवून घेतले. दुसरा गट पूर्वीच्याच सवयीने चुकत राहिला. परिस्थिती स्थिर असेतो सराव पुरतो. ती बदलली की तत्त्व कामी येते, असा याचा अर्थ लावता येतो. मात्र त्यासाठी ते तत्त्व समजलेले असावे लागते, नुसते पाठ झालेले नव्हे.

तत्त्व ठाऊक असूनही ते वेळेवर आठवेलच असे नाही. मेरी गिक व कीथ होलिओक यांनी १९८० नंतरच्या आपल्या प्रयोगांत सहभागींना एक कूटप्रश्न सोडविण्यास दिला. कोणतीही मदत नसता सुमारे १० टक्के लोकांनाच तो सुटला. त्याच तत्त्वावर आधारलेली वेगळ्या क्षेत्रातील गोष्ट आधी वाचावयास दिली, तेव्हा हे प्रमाण सुमारे ३० टक्के झाले. ‘त्या गोष्टीचा उपयोग करून पाहा’ एवढीच सूचना दिल्यावर ते सुमारे ७५ टक्क्यांवर गेले. ज्ञान दोन्ही वेळी तेच होते. उणीव होती ती दुवा दाखविण्याची. शिक्षकाचे स्थान नेमके या दुव्यावर आहे.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात केलेल्या व १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून याची दुसरी बाजू दिसते. टेरेझिन्हा कॅरॅहर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात फळे, खाद्यपदार्थ विकणाऱ्या पाच मुलांना ग्राहक बनून हिशेब विचारले. मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर शाब्दिक उदाहरण म्हणून दिली असता सुमारे ७४ टक्के, आणि नुसती अंकांत दिली असता सुमारे ३७ टक्के उत्तरे बरोबर आली. आठवडी बाजारात पालकांच्या शेजारी बसून अचूक मोड परत करणारा मुलगा सोमवारी गणिताच्या तासाला गप्प बसतो, हा अनुभव आपल्याकडील शिक्षकांनाही अपरिचित नाही. शाळेतील ज्ञान बाहेर आपोआप जात नाही, तसेच बाहेरचे ज्ञानही शाळेत आपोआप येत नाही.

५. विषयांची उपयुक्तता : काही उदाहरणे

या विवेचनावरून विषयांची उपयुक्तता नाकारली जात नाही. ती कोठे शोधावी एवढेच निश्चित होते. गणितातील शेकडेवारीचे उदाहरण घेऊ. एखाद्याने एक लाख रुपयांचे कर्ज एका वर्षासाठी ‘फ्लॅट रेट’ १२ टक्क्यांनी घेतले. त्याला एकूण १,१२,००० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे ९,३३३ रुपयांचे बारा हप्ते भरावे लागतील. वरवर पाहता व्याज १२ टक्के दिसते. परंतु मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याजाची आकारणी मात्र पूर्ण लाखावरच होत राहते. घटत्या शिलकेवर हिशेब केल्यास या कर्जाचा वार्षिक दर सुमारे साडेएकवीस टक्के भरतो. सरळव्याज शाळेत सर्वांनी केलेले असते. तरीही कर्जाच्या कागदावर सही करताना ते आठवत नाही, कारण वर्गातील उदाहरणात मुद्दल नेहमी स्थिर असते आणि हप्ता कधी नसतो.

जमिनीच्या मोजमापाचेही असेच आहे. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते, तर गावातील व्यवहार एकर व गुंठ्यांत बोलला जातो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक हेक्टर म्हणजे १०० आर किंवा सुमारे २.४७ एकर, आणि गुंठा व आर जवळजवळ सारखे, एवढा एककांचा संबंध ज्याला करता येतो त्याची वाटणीच्या वेळी फसवणूक होणे कठीण. हा आठवी-नववीच्या वर्गात सहज घेता येण्याजोगा पाठ आहे.

विज्ञानाच्या बाबतीत २०२० मधील कोरोना साथीचे उदाहरण बोलके आहे. रुग्णसंख्या ठरावीक दिवसांनी दुप्पट होते याचा अर्थ घातांक समजलेल्याला पहिल्या आठवड्यातच कळत होता. इतरांना तो रुग्णालये भरल्यावर कळला. औषधशास्त्राचे शिक्षण नसलेल्या नागरिकालाही नियंत्रित गट म्हणजे काय हे ठाऊक असेल, तर ‘अमुक घेतले आणि बरे झालो’ या विधानाची मर्यादा ओळखता येते.

इतिहासाविषयी सॅम वाइनबर्ग यांचे संशोधन महत्त्वाचे आहे. १९९१ मध्ये त्यांनी आठ इतिहासकार व आठ शालेय विद्यार्थ्यांना एकाच घटनेविषयीची कागदपत्रे वाचावयास दिली. इतिहासकारांनी मजकुराआधी तो कोणी, केव्हा व कशासाठी लिहिला हे पाहिले. विद्यार्थी मात्र थेट मजकुरात शिरले. ही सवय आजच्या भ्रमणध्वनीवरील संदेशांच्या काळात प्रत्येकाच्या उपयोगाची आहे. परंतु येथेही संक्रमणाची मर्यादा दिसते. २०१७ मध्ये वाइनबर्ग व सारा मॅकग्र्यू यांनी संकेतस्थळांची विश्वासार्हता तपासण्याचे काम इतिहासकार, विद्यापीठीय विद्यार्थी व व्यावसायिक तथ्यपडताळणीकार यांना दिले, तेव्हा नामवंत इतिहासकारांपैकीही अनेक फसले. तथ्यपडताळणीकार त्या पानावर न रेंगाळता इतरत्र त्याविषयी काय म्हटले आहे हे आधी पाहत होते. कागदावरील चिकित्सा पडद्यावर आपोआप उतरत नाही, ती नव्याने जोडून द्यावी लागते.

भाषेचा उपयोग सर्वांत व्यापक, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे. भाडेकरार, विमापत्र किंवा जबाब वाचताना ‘अन्यथा’, ‘वगळून’, ‘अधीन राहून’ अशा एका शब्दाने हक्क बदलतात. शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्या शिक्षकाने कधीतरी असा एक कागद वर्गात आणून वाचून घेतला, तर व्याकरणाला प्रयोजन लाभते. तथापि साहित्य, कला व संगीत यांचे मोल व्यवहारात मोजू नये हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहणे, एकटेपणात सोबत लाभणे, या गोष्टींचा हिशेब मांडता येत नाही. त्या आयुष्यात लागत नाहीत असे मात्र कोणी म्हणणार नाही.

६. महाराष्ट्रातील वैचारिक वारसा

विषय व जीवन यांची सांगड हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध लिपींचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांचे सामान्य ज्ञान, शेतीचे प्राथमिक ज्ञान, तसेच नीती व आरोग्य यांचे धडे असावेत अशी मागणी केली. या यादीत व्यवहारोपयोगी विषयांबरोबर इतिहास व व्याकरणही आहेत, हे विशेष लक्षणीय होय. शेतकऱ्याच्या मुलाला केवळ शेतीचेच ज्ञान पुरे, असे फुल्यांनी म्हटलेले नाही. वर्धा येथे १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली आणि तिने उत्पादक हस्तव्यवसायाभोवती सर्व विषय गुंफण्याचा प्रयत्न केला. पुढे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडणे हे मार्गदर्शक तत्त्व मानले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला व विज्ञान शाखांमधील कडक भिंती दूर करण्याचा आग्रह धरला. धोरणे बदलली, तरी दुवा जोडण्याचे काम अखेर वर्गातील शिक्षकाकडेच राहते.

७. उत्तर सांगावे की शोधू द्यावे?

वरील उदाहरणे शिक्षकाने तासाच्या आरंभी सांगून टाकली, तर काम भागेल काय? संशोधनाचे उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. ख्रिस हल्लेमन व ज्युडिथ हारॅकीविझ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नववीच्या २६२ विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या तासाला काही आठवड्यांच्या अंतराने छोटे लेखन करावयास सांगितले. एका गटाने शिकलेल्या भागाचा सारांश लिहिला; दुसऱ्याने तो भाग आपल्या जीवनात कसा उपयोगी आहे ते लिहिले. स्वतःच्या यशाविषयी साशंक असलेल्या विद्यार्थ्यांमध्ये दुसऱ्या प्रकारच्या लेखनाने विषयाची गोडी व श्रेणी या दोन्हींत वाढ झाली. ज्यांना यशाची खात्री होती, त्यांच्यात मात्र असा फरक दिसला नाही.

२०१५ मध्ये एलिझाबेथ कॅनिंग व हारॅकीविझ यांनी केलेल्या प्रयोगांत मनातल्या मनात गुणाकार करण्याची एक रीत शिकविली गेली. तिचा उपयोग नुसता सांगितला, तेव्हा आत्मविश्वास कमी असलेल्यांची गोडी उलट घटली. उपयोग त्यांना स्वतः शोधू दिला, तेव्हा हा दुष्परिणाम टळला. याचे कारण समजण्यासारखे आहे. ‘हे तुला पुढे फार लागणार आहे’ असे वाक्य गणितात मागे असलेल्या मुलाला आश्वासक वाटत नाही. त्याला ते आपल्या भवितव्यावरील निकालासारखे वाटते. अशा विद्यार्थ्यांना दूरच्या करिअरच्या उदाहरणांपेक्षा रोजच्या व्यवहारातील उदाहरणे अधिक जवळची वाटतात, असेही त्या अभ्यासात आढळले.

यावरून नवनियुक्त शिक्षकासाठी काही व्यवहार्य मार्ग सुचतात.
(अ) प्रत्येक घटकाच्या पाठ टाचणात ‘हा घटक कोठे भेटतो?’ असा एक रकाना ठेवावा आणि उत्तर सापडले नाही तर तो रिकामा ठेवावा. ओढूनताणून उदाहरण देऊ नये.
(आ) महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांना पाच-सहा ओळी लिहावयास सांगाव्यात : या महिन्यात शिकलेले काय घरी, शेतात, दुकानात किंवा बातमीत दिसले? या लेखनाला गुण देऊ नयेत.
(इ) एकच तत्त्व दोन वेगळ्या प्रसंगांत दाखवून त्यांतील साम्य विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे.
(ई) प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करू नये. उत्तर ठाऊक नसल्यास ‘आपण शोधू’ असे म्हणण्याने शिक्षकाचा अधिकार कमी होत नाही.

८. महाविद्यालयांची भूमिका

शाळेतील नवा शिक्षक हा कालपर्यंत महाविद्यालयाचा विद्यार्थी असतो. ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये दाखविल्याप्रमाणे विषयाचे ज्ञान आणि अध्यापनपद्धतीचे ज्ञान यांच्यामध्ये तिसरे एक ज्ञान असते : विषय विद्यार्थ्याला समजेल अशा रूपात मांडण्याचे. आपल्याकडील आशययुक्त अध्यापनाची संकल्पना याच दिशेची आहे. २०१४ च्या नियमावलीनुसार बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि त्यात किमान २० आठवड्यांच्या छात्रसेवाकालाची तरतूद झाली. या काळात केवळ पाठांची संख्या पूर्ण न करता, छात्राध्यापकाने विद्यार्थ्यांचे ‘का?’ प्रश्न टिपून त्यांवर चर्चासत्र घेणे सहज शक्य आहे.

पदवी स्तरावरील अध्यापकांचे उत्तरदायित्वही कमी नाही. गणिताचा पदवीधर जर तीन वर्षांत एकदाही विषयाच्या प्रयोजनाविषयी बोललेला ऐकला नसेल, तर तो शाळेत जाऊन काय सांगणार? प्रत्येक विभागाने आपल्या विषयाचा एक घटक निवडून तो जिल्ह्यातील बँक, बाजार समिती, पाणीवाटप संस्था किंवा आरोग्यकेंद्र येथे कसा भेटतो याची टिपणे करावीत आणि ती परिसरातील शाळांना उपलब्ध करून द्यावीत. तसेच संस्थेत रुजू होणाऱ्या नव्या अध्यापकाकडे सर्वांत अवघड तुकडी व उरलेसुरले विषय सोपविण्याची प्रथा बंद व्हावी. पहिल्या वर्षी त्याला एका अनुभवी सहकाऱ्याची साथ मिळावी.

९. समारोप

कठीण विषयांनी बुद्धी सर्वांगाने तल्लख होते हा समज टिकत नाही. पण शालेय विषय निरुपयोगी आहेत हा निष्कर्षही त्यातून निघत नाही. तत्त्व समजले, ते निरनिराळ्या प्रसंगांत पाहिले आणि दुवा विद्यार्थ्याने स्वतः जोडला, तर विषय उत्तरायुष्यात सोबत येतो. हे न घडल्यास त्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. ज्याच्या घरी उत्तर देणारे कोणी नाही, तोच प्रथम विषय सोडतो. म्हणून नवनियुक्त शिक्षकाने ‘उपयोग काय?’ हा प्रश्न आव्हान न मानता विद्यार्थ्याने दिलेली संधी मानावी, आणि महाविद्यालयांनी त्याला त्या प्रश्नासाठी तयार करून पाठवावे.